एका रुपयाचे भूत
रुडयार्ड किपलिंग आणि त्याच्या भयकथेची जन्मकथा

टांजोंग पगार रस्ता आणि नील रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर छोट्या घुमटाची एक जुनी इमारत उभी आहे. १९०३ साली ती बांधली तेव्हा तिचे नाव होते जिनरिक्शा स्टेशन. माणसाने ओढायच्या रिक्षांची नोंदणी आणि तपासणी तेथे होत असे. १८८० साली शांघायहून या रिक्षा आपल्या बेटावर आल्या आणि १९४७ साली बंद झाल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी त्यांतून सेरंगून रोडपर्यंत प्रवास केला असेल. जपानी भाषेत जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ आणि शा म्हणजे गाडी. साहेबाच्या जिभेला एवढा मोठा शब्द पेलला नाही. त्याने पुढचे ‘जिन’ गाळले आणि रिक्षा तेवढी ठेवली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या शब्दाच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक स्वल्पविराम दिसतो, तो त्या गळालेल्या अक्षराचा.

हा स्वल्पविराम ज्याच्या मथळ्यातच छापलेला आहे अशा एका गोष्टीची हकिकत आम्ही आज सांगणार आहोत. गोष्ट आहे ‘द फँटम रिक्षा’, म्हणजे भुताची रिक्षा. ती लिहिली मुंबईत जन्मलेल्या एका पोराने, छापली लाहोरला, विकली अलाहाबादेच्या कंपनीने रेल्वे फलाटावर एका रुपयाला, आणि तिच्यासह पाच भावंडांच्या मोबदल्यातून निघालेल्या प्रवासात तो पोरगा आपल्या सिंगापुरातही येऊन जेवून गेला. त्याचे नाव रुडयार्ड किपलिंग. मोगलीचा किपलिंग म्हणून आपली मुले त्याला ओळखतात. भुतांचा किपलिंग मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

जन्म ३० डिसेंबर १८६५, मुंबई. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकला शिकवायला आले होते. विलायतेत ज्या रुडयार्ड तलावाकाठी या जोडप्याची ओळख वाढली, त्याचे नाव त्यांनी मुलाला दिले. लॉकवुड यांचे काम मुंबईकराच्या आजही डोळ्यांसमोर आहे, फक्त ते कोणाचे हे त्याला माहीत नसते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर कष्टकरी माणसांची जी कोरीव चित्रे आहेत ती त्यांची. ज्या घरात रुडयार्ड जन्मला ते घर मात्र आता नाही. कलाशाळेच्या आवारात किपलिंगचा म्हणून जो बंगला दाखवतात तो १८८२ च्या सुमारास, म्हणजे हे कुटुंब मुंबई सोडून गेल्यावर बांधलेला आहे.

रुडयार्डला वाढवले ते एका गोवेकर किरिस्ताव आयाने आणि मीता नावाच्या हिंदू गड्याने. आया त्याला वाटेवरच्या क्रुसापाशी घेऊन जाई, मीता देवळात. दुपारी झोपताना आया नाही तर मीता गोष्टी सांगत. जेवणघरात आईबापांसमोर जाण्याआधी त्याला बजावावे लागे, की आता इंग्रजीत बोल. त्या मुलाची पहिली भाषा आपल्याकडची होती, इंग्रजी त्याला मनात जुळवून बोलावी लागे.

याच वयातली एक आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पारशांच्या दोखम्यावरून उडालेल्या गिधाडाच्या चोचीतून एका लहान मुलाचा हात त्यांच्या बागेत पडला. आई हादरली आणि याबद्दल काही विचारायचे नाही असे तिने पोराला दटावले. पोराला तो हात बघायचा होता. बघायला मिळाला नाही, पण काय झाले ते आयाने सांगून टाकले. भयकथा लिहिणारा माणूस कुठे घडतो असे कोणी विचारले तर आम्ही या बागेकडे बोट दाखवू. भयंकर गोष्ट समोर आहे, आईबाप ती झाकतात, आणि नोकरमाणसे ती हळूच सांगतात. पुढच्या त्याच्या सगळ्या भुताच्या गोष्टींत हाच मामला आहे.

१८७१ साली त्याला आणि धाकट्या बहिणीला, जिला घरात ट्रिक्स म्हणत, विलायतेला नेले आणि साउथसी गावी होलोवे नावाच्या कुटुंबात पैसे देऊन ठेवले. हिंदुस्थानातल्या गोऱ्या कुटुंबांत तशी रीतच होती. इथल्या हवेत मुले दगावतात, म्हणून ती तिकडे पाठवायची. आईबाप मात्र मुलांना काहीच न सांगता परत गेले. तेव्हा रुडयार्ड सहा वर्षांचाही नव्हता. होलोवेबाईने त्याला मारझोड केली, नरकाची भीती घातली, खोटारडा ठरवले. डोळे अधू होत चालले होते तेही कोणाच्या ध्यानात आले नाही. १८७७ साली आई आली तेव्हा कुठे सुटका झाली. तोपर्यंत नसलेली माणसे आणि सावल्या त्याला दिसू लागल्या होत्या. या वर्षांवर त्याने पुढे ‘बा बा ब्लॅक शीप’ ही गोष्ट लिहिली. ती भयकथा म्हणून लिहिलेली नाही, पण आम्हाला त्याच्या कुठल्याही भुतापेक्षा तीच जास्त बोचते.

त्यानंतर डेव्हन परगण्यात चार वर्षे शाळा झाली. कॉलेजात घालायला पैसे नव्हते. वडील १८७५ पासून लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य आणि तिथल्या अजबखान्याचे प्रमुख होते. त्यांनी शब्द टाकला आणि ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या लाहोरच्या दैनिकात पोराला उपसंपादकाची नोकरी मिळाली. ऑक्टोबर १८८२ मध्ये तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला. वय सतरा पुरे नव्हते. मुंबईचा वास नाकात शिरताच अर्थ न कळणारी आपली जुनी भाषा त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागली, असे त्यानेच नमूद केले आहे.

लाहोरच्या कचेरीत गोरे कर्मचारी दोनच, संपादक आणि हा. दिवसाकाठी दहा ते पंधरा तास काम. उन्हाळ्यात घरचे लोक सिमल्याला जात आणि हा एकटा मोठ्या रिकाम्या बंगल्यात नोकरांबरोबर राही. ताप, आमांश, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे झोप नाही. गावातले ओळखीचे गोरे लोक विषमज्वराने पटापट मरत. रात्री झोप येत नसे म्हणून तो जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पहाटेपर्यंत भटके. गच्चीवर झोपलेली माणसे त्याला प्रेतांसारखी दिसत. १८८५ च्या हंगामात त्याला वर्तमानपत्राने सिमल्याला बातमीदार म्हणून पाठवले. तेथे सरकार, नाच, घोडेस्वारी, लफडी आणि रिक्षा हे सगळे एका टेकडीवर एकत्र सापडले.

त्या वर्षीच्या नाताळासाठी गॅझेटची खास पुरवणी निघायची होती. किपलिंगांच्या घरात चौघे होते, आई, वडील, मुलगा आणि मुलगी, आणि चौघेही लिहिणारे. पुरवणीचे नाव ठेवले ‘क्वार्टेट’, म्हणजे चौकडी. डिसेंबर १८८५ मध्ये लाहोरच्या गॅझेटच्या छापखान्यातून ती बाहेर पडली. लेखकांची नावे नव्हती, चार हिंदुस्थानवासी इंग्रज लेखक एवढेच छापले होते. भुताची रिक्षा पहिल्यांदा धावली ती या घरगुती अंकात. लिहिणाऱ्याला वीस वर्षे पुरी व्हायला काही दिवस बाकी होते.

गोष्ट अशी. जॅक पॅन्से हा मुलकी अधिकारी रजेवरून मुंबईला परतताना बोटीवर मिसेस वेसिंग्टन या विवाहित बाईच्या प्रेमात पडतो. काही महिन्यांत त्याला तिचा कंटाळा येतो आणि तो तिला तसे तोंडावर सांगतो. ती ऐकत नाही. सिमल्यात पिवळ्या फळ्यांच्या रिक्षात बसून ती त्याच्या वाटेत येत राहते, काहीतरी चूक झाली आहे, आपण पुन्हा मित्र होऊ, एवढेच म्हणत. शेवटी ती झुरून मरते. पॅन्से सुटलो म्हणतो आणि किटी नावाच्या मुलीशी लग्न ठरवतो. अंगठी घेऊन दोघे घोड्यावरून येत असताना पेलिटीच्या दुकानासमोर तीच पिवळी रिक्षा आडवी येते, तेच काळ्यापांढऱ्या पोशाखातले चार झंपानी. किटीचा घोडा रिक्षातून आरपार निघून जातो. तिला काही दिसलेलेच नसते. डॉक्टर म्हणतो पोट, डोळे आणि मेंदू बिघडलेत, औषध घे. पण औषधाने रिक्षा जात नाही. त्याची बेअब्रू होते, लग्न मोडते, आणि हळूहळू त्याला जिवंत माणसांपेक्षा त्या रिक्षातल्या बाईचीच सोबत खरी वाटू लागते. मरणाची वाट पाहत तो ही हकिकत लिहितो.

भुताची गोष्ट म्हणून ती चांगली आहेच. आमचे लक्ष मात्र दर वेळी त्या चार झंपान्यांकडे जाते. सिमल्याच्या चढावर एका माणसाला रिक्षा ओढता येत नसे, दोघे पुढे, दोघे मागे लागत. गोष्टीत कळते की हे चौघे सख्खे भाऊ होते आणि हरिद्वारच्या वाटेवर पटकीने मेले. रिक्षाच्या मालकाने मेलेल्या मेमसाहेबांची गाडी अपशकुनी म्हणून मोडून टाकली. म्हणजे बाईबरोबर ती गाडी आणि ते चार मजूरही भूत झाले. पॅन्सेला तेव्हा एक प्रश्न सुचतो, की परलोकात या माणसांना पगार किती, कामाचे तास किती आणि काम संपल्यावर ती जातात कुठे? लेखकाने हे उपहासाने लिहिले असेल. पण होकच्यु आणि हेंगहुआ रिक्षावाल्यांनी ज्या शहराचे रस्ते झिजवले त्या शहरात बसून हा प्रश्न वाचला की तो उपहास राहत नाही. मेल्यावरही साहेबाची गाडी ओढावी लागते, याहून भीतीदायक काही त्या गोष्टीत नाही. आणि त्यांच्याबद्दल गोष्टीत कोणी अश्रू ढाळत नाही.

त्याच ‘क्वार्टेट’मध्ये त्याची दुसरी भयकथा होती, मॉरोबी ज्यूक्सची. पटकीने मेले समजून स्मशानात नेलेली आणि तिथे शुद्धीवर आलेली माणसे पुन्हा घरी घेता येत नाहीत, म्हणून त्यांना वाळूच्या एका खोल खळग्यात टाकले आहे. ताप आलेला गोरा एंजिनिअर घोड्यासकट त्या खळग्यात पडतो. तेथे त्याला भेटतो तो कोण? गंगा दास नावाचा दख्खनी ब्राह्मण, पूर्वीचा तार मास्तर. होय, आपल्याच मुलखातला. नाव मात्र उत्तरेकडचे दिले आहे, दख्खनी ब्राह्मणाचे नाव एखाद्या जोशीबुवांना विचारले असते तरी बरे झाले असते. हा गंगा दास कावळे पकडून भाजून खातो, साहेबाकडून पैसे उकळतो आणि शेवटी दगा देतो. शिकलेला हिंदी माणूस म्हणजे लबाड, हे किपलिंगचे जन्मभराचे खूळ इथे विसाव्या वर्षीच तयार दिसते. तरीही गोष्टीतली खरी दहशत वेगळी आहे. खळग्यात साहेबाचा हुकूम चालत नाही. गंगा दास त्याला समजावतो की इथे तूही मेलेला आहेस. सत्तावनच्या बंडाला अठ्ठावीसच वर्षे झाली होती. गोऱ्या वाचकाला रात्री काय स्वप्न पडत असे ते या पोराने बरोबर हेरले होते.

तिसऱ्या गोष्टीचे दैव आणखी विचित्र. ‘द मार्क ऑफ द बीस्ट’ या कथेत फ्लीट नावाचा दारुडा इंग्रज वर्षअखेरच्या रात्री मारुतीच्या देवळात शिरतो आणि मूर्तीच्या कपाळावर पेटती सिगार विझवतो. एक महारोगी पुढे येऊन त्याला नुसता बिलगतो. दुसऱ्या दिवसापासून फ्लीट कच्चे मांस मागू लागतो, घोडे त्याला बुजतात, रात्री तो लांडग्यासारखा ओरडतो. त्याचे दोघे इंग्रज मित्र त्या महारोग्याला पकडून तापलेल्या लोखंडाने छळतात आणि शाप काढून घ्यायला लावतात. तो छळ कसा केला हे लेखक सांगत नाही, आपण इंग्रज म्हणून नाक घालवले एवढे मात्र त्या मित्रांना उमगते. मारुतीची विटंबना आपल्या वाचकांना आवडणार नाही. पण नीट वाचले तर कथेत देव हरत नाही. जनावर होतो तो साहेब, आणि नंतर त्याला सोडवायला निघालेले साहेबही.

हे हस्तलिखित इयान हॅमिल्टन या फौजी मित्राच्या मार्फत लंडनला पोचले. हाच हॅमिल्टन पुढे १९१५ साली गॅलिपोलीचा सेनापती झाला. लंडनमध्ये अँड्र्यू लँग आणि विल्यम शार्प या दोन नामवंतांना ते दाखवले गेले. लँगला इतकी किळस आली की हे वाचावे लागले नसते तर आपण वर पैसे दिले असते अशा अर्थाचे त्याने कळवले. शार्पने तर कागद ताबडतोब जाळा असा सल्ला दिला आणि लेखक तिशीच्या आत वेडा होऊन मरेल असे भविष्य वर्तवले. गोष्ट जाळली नाही, बाजूला पडून राहिली. जुलै १८९० मध्ये अलाहाबादेच्या ‘पायोनिअर’मध्ये दोन हप्त्यांत ती छापून आली आणि १८९१ च्या ‘लाइफ्स हँडिकॅप’ या संग्रहात गेली. तोवर लेखक इतका गाजला होता की नाक मुरडायची सोय उरली नव्हती. शार्पने दिलेली तिशीची मुदत संपली तेव्हा किपलिंग अमेरिकेत व्हर्माँटमध्ये स्वतः बांधलेल्या घरात राहत होता, त्या घराचे नाव होते नौलखा, आणि मोगलीची दोन्ही पुस्तके बाजारात आलेली होती.

पण आम्ही पुढे धावलो. परत रिक्षाकडे येऊ.

नोव्हेंबर १८८७ मध्ये त्याची बदली अलाहाबादला ‘पायोनिअर’मध्ये झाली. मालक एकच होते, कचेरी मोठी. तिथल्या साप्ताहिकात दर आठवड्याला गोष्ट लागत असे, आणि हा लिहीत सुटला. याच गावात ए. एच. व्हीलर आणि कंपनी होती. मुंबईला लोकलने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना व्हीलरचा पुस्तकांचा गाडा सांगायला नको. एमिल मोरो या फ्रेंच गृहस्थाने १८७७ साली ही कंपनी काढली, नाव मात्र आपल्या इंग्रज स्नेह्याचे दिले. मोरोच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. आगगाडीचा प्रवास लांबचा, दोन-दोन दिवसांचा. प्रवाशाला वाचायला स्वस्त, हलके, इथलेच काहीतरी हवे. त्याने किपलिंगच्या वर्तमानपत्री गोष्टी गोळा करून ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ ही माला काढली. १८८८ साली सहा पुस्तके निघाली, किंमत प्रत्येकी एक रुपया. करड्या कागदी वेष्टनावरची चित्रे वडिलांनी, लॉकवुड यांनी काढून दिली.

मालेतले पाचवे पुस्तक ‘द फँटम रिक्षा’. त्यात चारच गोष्टी. रिक्षाची, ज्यूक्सच्या खळग्याची, एका डाकबंगल्यातल्या भुताची, आणि शेवटी ‘द मॅन हू वुड बी किंग’, जी पहिल्यांदा याच पुस्तकात छापली गेली. डाकबंगल्याची गोष्ट गमतीची आहे. शेजारच्या खोलीत रात्रभर बिलियर्डचे चेंडू वाजतात, सकाळी कळते की उंदीर आणि खिडकीची सैल चौकट. भुते खोटी असे म्हणणाऱ्यालाही एका रुपयात काहीतरी मिळाले पाहिजे, असा हिशेब असावा.

त्या काळच्या इंग्रजीत हिंदुस्थानावर लिहिलेली पुस्तके लंडनला छापून बोटीने इकडे येत. ही माला इथे लिहिलेली, इथे छापलेली आणि इथल्याच फलाटावर विकलेली. वाचून झाली की प्रवासी ती बोटीवर घेऊन जात, आणि तशाच काही प्रती विलायतेला पोचल्या. लेखकाच्या आधी त्याचे नाव लंडनला गेले ते असे, कोणाच्या तरी पेटीत कपड्यांखाली.

पैशाचे काय? सहा पुस्तकांचे मिळून मोरोने दोनशे पौंड आणि विक्रीवर थोडासा वाटा दिला. ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ या आधीच्या संग्रहाचे हक्क पन्नास पौंडांना गेले. त्यात ‘पायोनिअर’ने दिलेला सहा महिन्यांचा पगार मिळवला आणि तेवीस वर्षांच्या किपलिंगने हिंदुस्थान सोडायचे ठरवले. सरळ सुएझने न जाता पूर्वेकडून, जग बघत. ९ मार्च १८८९ रोजी तो प्राध्यापक हिल आणि त्यांच्या पत्नीबरोबर कलकत्त्याहून बोटीत बसला. रंगून, मौलमीन, पेनांग आणि मग, मार्चच्या अखेरीस, सिंगापूर. वाटेत ‘पायोनिअर’ला पत्रे पाठवायची आणि प्रवासखर्चाला हातभार लावायचा.

इथल्या दमट उकाड्याने तो वैतागला. चिनी लोकांची संख्या आणि उद्योग पाहून चकित झाला आणि थोडा घाबरलाही. ज्या वाहनाच्या भुताने त्याला नाव दिले ती वाहने इथे रस्तोरस्ती धावत होती. बीच रोडवर त्या वेळी खरोखरच समुद्र होता, आणि त्या किनाऱ्यावर सारकीज बंधूंनी डिसेंबर १८८७ मध्ये एका जुन्या बंगल्यात रॅफल्स हॉटेल उघडले होते. किपलिंगने लिहिले की रॅफल्सचे जेवण उत्तम आणि खोल्या तितक्याच वाईट, तेव्हा प्रवाशाने जेवावे रॅफल्समध्ये आणि झोपावे हॉटेल द ल’युरोपमध्ये. हॉटेलवाल्यांनी पुढे त्यातला जेवणापुरता अर्धा भाग उचलला आणि जाहिरातीत छापला. खोल्यांचा भाग त्या ‘जिन’सारखा गळाला. झोपायला सुचवलेले युरोप हॉटेल पाडांगसमोर होते. त्याच्या जागेवर पुढे सर्वोच्च न्यायालय उभे राहिले, आणि २०१५ पासून तिथे राष्ट्रीय कलादालन आहे. गळालेला सल्ला आज पाळायचा झाला तर चित्रांमध्ये झोपावे लागेल.

हाँगकाँग, जपान, अमेरिका करत ऑक्टोबर १८८९ मध्ये तो लंडनला पोचला आणि सहा महिन्यांत त्याचे नाव झाले. मार्च १८९० मध्ये ‘टाइम्स’ने त्याच्या पुस्तकांवर लेख लिहिला. रेल्वेची सहा पुस्तके सॅम्प्सन लो या कंपनीने विलायतेत पुन्हा काढली. अमेरिकेत तेव्हा परक्या लेखकाला कायद्याचे संरक्षण नव्हते, ते १८९१ साली आले. तोवर तिथल्या प्रकाशकांनी भुताची रिक्षा वाटेल तशी छापली आणि लेखकाला दमडी दिली नाही. हा राग त्याने जन्मभर धरला. पुढे ए. पी. वॉट हा एजंट ठेवून त्याने सगळा कारभार त्याच्या हाती दिला. १८९५ साली मॅकमिलनने रेल्वेची सहा पुस्तके दोन जाड खंडांत आणली, आणि रिक्षा ‘वी विली विंकी’च्या खंडात जाऊन बसली. एक रुपयाच्या वेष्टनातले मूळ पुस्तक आता संग्राहकांच्या तिजोरीत असते. त्याहून दुर्मीळ तो ‘क्वार्टेट’.

१८९१ च्या डिसेंबरात तो आईबापांना भेटायला लाहोरला आला. तेथेच जिवलग मित्र वॉलकॉट बॅलेस्टियर वारल्याची तार आली आणि तो तडक परत निघाला. जाताना मुंबईत त्याची म्हातारी आया त्याला भेटली, तिने आशीर्वाद दिला आणि रडली. जानेवारी १८९२ मध्ये त्याने मित्राच्या बहिणीशी, कॅरोलाइनशी लग्न केले. हिंदुस्थानात तो पुन्हा कधीच आला नाही. त्याचे सगळे हिंदुस्थानविषयक नंतरचे लेखन, मोगली आणि ‘किम’ धरून, आठवणीवर आहे.

१९०७ साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. वय एकेचाळीस. इतक्या कमी वयात हे पारितोषिक त्यानंतर कोणालाही मिळालेले नाही. राजकारणात मात्र तो जास्तच कडवा होत गेला. जालियनवाला बागेत गोळ्या घालणाऱ्या जनरल डायरसाठी १९२० साली ‘मॉर्निंग पोस्ट’ने निधी जमवला, त्यात किपलिंगने वर्गणी घातली. मुंबईच्या आयाच्या मांडीवर वाढलेल्या माणसाने ती घातली याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्याच्या गोष्टी आवडतात म्हणून ते झाकायचे कारण नाही, आणि ते कळले म्हणून गोष्टी वाईट होत नाहीत. दोन्ही एकाच माणसाचे आहे.

भुतांनी त्याला सोडले नव्हते. १८९९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला बाप आणि थोरली मुलगी जोसेफिन दोघेही निमोनियाने अंथरुणाला खिळले. तो वाचला. सहा वर्षांची जोसेफिन गेली, आणि त्याची प्रकृती नाजूक म्हणून ती बातमी काही दिवस त्याच्यापासून लपवून ठेवावी लागली. १९०४ साली त्याने ‘दे’ ही गोष्ट लिहिली, अमेरिकेतल्या ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात ती ऑगस्टमध्ये आली. मोटारीने जाणारा एक गृहस्थ वाट चुकून एका जुन्या घरापाशी येतो. घरात एक आंधळी बाई आणि खूप मुले. मुले खिडकीत दिसतात, झाडामागे हसतात, जवळ मात्र येत नाहीत. तिसऱ्या खेपेला तो खुर्चीत बसला असताना हात मागे सोडतो आणि एक मूल त्याच्या तळव्यावर हलकेच ओठ टेकते. ही खूण त्याची आणि त्याच्या स्वतःच्या मुलीची होती. तेव्हा त्याला कळते ही मुले कोण, आणि हेही कळते की आपण इथे पुन्हा यायचे नाही. ओरडा नाही, रक्त नाही, झंपानी नाहीत. ही गोष्ट छापून घेण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागली नाही, आणि आमच्या मते रिक्षेपेक्षा ती कितीतरी श्रेष्ठ आहे. पण विसाव्या वर्षी ती लिहिता आली नसती.

यायचे नाही हा नियम त्याने स्वतःही पाळला. बहीण ट्रिक्स मेलेल्यांचे निरोप लिहून काढण्याच्या नादी लागली होती, आणि तिचे मनःस्वास्थ्य वारंवार ढासळे. १९१५ च्या सप्टेंबरात एकुलता मुलगा जॉन अठराव्या वर्षी लूसच्या लढाईत पडला, प्रेतही हाती आले नाही. त्या युद्धात मुले गमावलेली हजारो आईबाप प्लँचेटवाल्यांकडे धावली. किपलिंग गेला नाही. १९१९ साली ‘एन-डोर’ या कवितेत त्याने अशा आईबापांना त्या वाटेपासून परत फिरायला सांगितले.

१८ जानेवारी १९३६ रोजी, लग्नाच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी, तो लंडनमध्ये वारला. अस्थी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ठेवल्या. आत्मचरित्र लिहायला घेतले होते ते १९३७ साली पत्नीने प्रसिद्ध करवले. त्यात नोबेलही आहे आणि मुंबईचा फळबाजारही. भुताच्या रिक्षेलाही त्याने त्यात आठवणीने स्थान दिले. तिचा काही भाग कच्चा, पुष्कळसा वाईट आणि बेसूर आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. पण दुसऱ्याच्या कातडीत शिरून विचार करण्याचा आपला तो पहिला खरा प्रयत्न होता, आणि लिहिताना आपल्या पाठीशी कोणीतरी उभे आहे असे प्रथम वाटले ते तेव्हाच, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.